न घासलेलं पिंप

एका बाईला मी एक पिंप घासू नको म्हणून सांगितलं. बस्स, एवढंच. मारहाण केली नाही, कुणाच्या ताटातलं ओढून घेतलं नाही. बाई पोटुशी होती, पाचवा सरत आला होता. मी म्हणालो, बाकीची घास, हे निळं तेवढं राहू दे. ती म्हणाली, "बरं भाऊ." त्या दोन शब्दांनी माझी झोप गेली ती गेलीच. बायको म्हणते, लिहून काढा एकदाचं, नाहीतर वेड लागेल तुम्हाला. म्हणून बसलोय. लिहायची सवय नाही, तेव्हा वाकडंतिकडं होईल.

माझं उभं आयुष्य डास मारण्यात गेलं. हसायचं तर हसा, सगळेच हसतात. बीडकडून पोटासाठी इकडे आलो, आधी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये होतो, तिथे डाव्या हाताचं एक बोट ठेवून आलो, आणि मग मलेरियाच्या कामावर कंत्राटी लागलो. पाठीवर पंप, हातात लांब दांड्याची पळी, खिशात बॅटरी आणि काचपट्ट्यांची डबी. घरोघरी जायचं, पिंपात, हौदात, कूलरमध्ये, कुंडीखालच्या बशीत डोकावायचं. कुणी तापाने पडलेलं दिसलं की बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. पिंपळे गुरवच्या सोसायट्यांमध्ये बायका दार अर्धंच उघडायच्या. "आमच्याकडे नाहीत हो डास, शेजारी बघा." शेजारीही तेच ऐकायला मिळायचं. लोक मला डासवाला म्हणायचे. माझ्या पोरीच्या शाळेतही ते नाव पोचलं होतं, आणि त्या रागात ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

पण काम मला येत होतं. उगाच कशाला नम्रपणा? पाण्यावर नजर टाकली की अळी कुठल्या डासाची ते सांगायचो. डेंग्यूवाल्याची अळी डोकं खाली करून लोंबकळते, मलेरियावाल्याची पाण्याला लागून आडवी पडते. भिंतीवरचा डास बूड वर करून बसलेला दिसला की समजायचं, हा मलेरियाचा. आणि एक गोष्ट मी किती दारांत सांगितली असेल त्याला गणतीच नाही. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. सगळी भांडी रिकामी करा, आतून घासा, उन्हात पालथी घाला. अळीचा डास व्हायला आठवडा तरी जातो, त्याच्या आत पाणी ओतून दिलं की खेळ खलास. "सात दिवस, ताई, फक्त सात!" असं म्हणून मी बोटं वर करायचो. माझ्या तुटक्या पंजाकडे बघून लेकरं खिदळायची, आणि त्यामुळे का होईना, ते सात दिवस त्यांच्या डोक्यात बसायचे.

मग कंत्राटदार बदलला आणि नव्या यादीत माझं नाव आलं नाही. पन्नाशी उलटलेला, नऊ बोटांचा माणूस कोण घेतो? घरी बसलो आणि बायकोच्या प्रत्येक कामात खोड काढायला लागलो. शेवटी तीच वैतागली. "बाहेर पडा हो, काहीही करा, पण माझ्या भाजीच्या पातेल्यात डोकावू नका." ती रावेतला ज्यांच्याकडे पोळ्या करायला जाते, त्यांची सून डासांवर संशोधन करते. हिने तिथे काय सांगितलं देव जाणे, पण आठ दिवसांनी मी त्या मॅडमच्या प्रयोगशाळेत उभा होतो. सहा महिन्यांचं काम. साइटवर, गोठ्यात, वस्तीत जायचं आणि मलेरियाच्या डासांच्या अळ्या आणायच्या.

"काका, मारायचे नाहीत हं," मॅडम म्हणाली. "जिवंत आणायचे."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पण तिने मला बसवून, चहा देऊन समजावलं. काही काही डासांच्या अंगात आपसूकच एक बारीकसा जीव राहतो. आहे जंतूच, पण डासाला त्याचा काही त्रास नाही. डास खातो, उडतो, अंडी घालतो. मात्र तो जीव ज्याच्या अंगात आहे त्याच्यात मलेरियाचा जंतू नीट वाढत नाही असं दिसतं, आणि तो वाढला नाही तर डास चावला तरी आजार पुढे जात नाही. बाहेरदेशी यावर अभ्यास चालू होता. आपल्याकडच्या डासांत तसं काही राहतं का, हे तिला शोधायचं होतं. "आईकडून पिल्लांत उतरतो काका, अंड्यातूनच," ती म्हणाली.

मी म्हणालो, "म्हणजे विरजणासारखं. कालच्या दह्यातून आजचं."

ती एवढी खूश झाली की तिने ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याची ती पहिलीच वेळ. मी त्या दिवशी घरी जाताना उगाचच दोन स्टॉप आधी उतरलो आणि चालत गेलो.

एक नियम मात्र तिने मला तीनदा बजावला. अळ्या काढून झाल्या की उरलेल्या पाण्यात औषध टाकायचं, नाहीतर पाणी ओतून द्यायचं. "माणसं राहतात तिथे आपण डास वाढू द्यायचे नाहीत. आपल्याला काही मिळालं नाही तरी चालेल." त्यासाठी वहीत एक रकाना होता, त्यात मी बरोबरची खूण करायची. हे मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं त्यात तिचा काडीचाही दोष नाही.

गणपतीच्या थोडं आधी मी चऱ्होलीच्या एका साइटवर गेलो. पूर्वी त्या बाजूला कांद्याची शेतं होती, आता जिकडे तिकडे इमारतींचे सांगाडे. गेटला लागून वॉचमनची पत्र्याची खोली, मागे मजुरांच्या खोल्यांची रांग. वॉचमनची बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. नांदेडकडची माणसं. मला पाहिल्याबरोबर तिने हातातलं पीठ झटकलं.

"भाऊ, तुमी ते सात बोटंवाले ना?"

दोन वर्षांपूर्वी मोशीच्या साइटवर मी तिला कोरडा दिवस शिकवला होता म्हणे. मी पार विसरलो होतो. ती विसरली नव्हती. तेव्हा तिला पहिल्यांदा दिवस गेले होते, ते राहिलं नाही. नंतरचंही राहिलं नाही. आता ही तिसरी खेप. दंडाला काळा दोरा, गळ्यात कसलासा ताईत, आणि डॉक्टरच्या गोळ्यांची पिशवी खिळ्याला टांगलेली. जो जे सांगेल ते सगळं ती पाळत होती. "एवढं एक हाती लागू द्या," असं ती देवाला म्हणायची, डॉक्टरला म्हणायची, मलाही म्हणाली. जणू माझ्या हातात होतं.

आणि कोरडा दिवस तर तिने व्रतासारखा धरला होता. गुरुवारी साइटवर लाईट जायची, मोटार बंद, पिंपं तळाला आलेली असायची, म्हणून तिने गुरुवार धरला. नारळाच्या शेंडीने एकेक पिंप आतून घासायची, पालथं घालायची, संध्याकाळी पाणी आलं की भरायची. मजुरांच्या बायकांनाही ओरडून ओरडून करायला लावायची. वीस वर्षं घसा कोरडा केला त्यात असं मन लावून ऐकणारं माणूस मला हेच एक भेटलं. मी बुधवारी गेलो होतो म्हणून तिच्याकडे अळ्या तरी सापडल्या. खोलीला टेकून एक निळं पिंप होतं, चाकणच्या कुठल्याशा कंपनीतून भंगारात आलेलं. त्यात आडव्या पडलेल्या अळ्या होत्या, पंचवीस-तीस. त्या मी बाटलीत घेतल्या.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. "काका, त्या निळ्या पिंपातल्या दोन-तीन अळ्यांमध्ये काहीतरी दिसतंय. तेच आहे का ते अजून नक्की नाही, पण काहीतरी आहे. पुन्हा आणता का?"

पुन्हा गेलो. पण गुरुवार मधे गेला होता. पिंप लख्ख घासलेलं, नव्या पाण्यात पाच-सहा अळ्या, आणि त्यांच्यात काही नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. आधीच्यांतून वाढवलेले डास प्रयोगशाळेत अंडी न घालताच मेले. मॅडमचं तोंड उतरायचं, आणि ते मला बघवेना. कंत्राट पुढे चालणार की नाही हाही प्रश्न होताच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. आयुष्यभर डासवाला म्हणवून घेतलेल्या माणसाला पहिल्यांदाच वाटत होतं, की आपल्या हातून काहीतरी होऊ घातलंय. तो माज होता. आता सरळ माज म्हणतो, तेव्हा त्याला मी कळकळ म्हणत होतो.

माझ्या डोक्याने हिशेब मांडला. घासलेल्या पिंपावर मादी लवकर फिरकत नाही, शेवाळलेल्या जुन्या पाण्यावर येते. आणि ते विरजण जिच्या अंगात आहे ती त्याच पिंपातून बाहेर पडून त्याच पिंपात अंडी घालायला आली, तर ते तिथे टिकेल. म्हणजे पिंपातून डास बाहेर पडायला हवेत. हे मी ठरवलं, मी! ज्याने उभं आयुष्य डास बाहेर पडू नयेत म्हणून घालवलं त्याने.

तिला म्हणालो, "बाई, एवढं निळं पिंप आता घासू नको. महिना दोन महिने. त्यातलं पाणीही वापरू नको. मी जाळी देतो, दिवसा बांधून ठेव, संध्याकाळी काढ."

तिने माझ्याकडे बघितलं. "पण सात दिवस झाले म्हंजे उडतेत की वो ते."

"हे डास चांगले आहेत," मी म्हणालो. "यांच्या पोटातच औषध आहे. हे चावले तरी ताप येत नाही."

पंचवीस-तिसांत दोन-तीन. तेही नक्की नाही. आणि मी तिला सांगितलं, हे डास चांगले आहेत. वर आणखी म्हणालो, "तुझ्या या पिंपामुळे पुढे कितीतरी लेकरं वाचतील, बघ." असं बोलायला मला कुणी सांगितलं होतं? तिने ओला हात पदराला पुसला आणि पोटावर ठेवला.

"लेकरं वाचत असतील तर ठिवते की," ती म्हणाली. "बरं भाऊ."

बाहेर पडता पडता मी वहीत बरोबरची खूण केली.

त्यानंतर ती ते पिंप जे सांभाळायला लागली, विचारू नका. मजुरांपैकी कुणी त्यात डबडं बुडवलं की धावून जायची. "ते डॉक्टरीणबाईचं हाय! त्याला हात लावायचा न्हाई!" मॅडमला ती डॉक्टरीणबाईच म्हणायची. गुरुवारी बाकीची तीन पिंपं पालथी, आणि मधोमध हे एक उभं, तोंडाला सायकलच्या ट्यूबने बांधलेली पांढरी जाळी. दर आठवड्याला मी गेलो की आधी पिंपाचं सांगायची, मग स्वतःचं. बाळ लाथा मारतंय, मळमळ थांबली, डॉक्टर म्हणाले वजन बरोबर आहे. तिचा नवरा कमी बोलायचा. तो फक्त एकदा म्हणाला, "डास वाढलेत राव." मी म्हणालो, पावसाचे दिवस आहेत, वाढणारच. पत्र्याच्या भिंतीवर मला ते दिसत होते, बूड वर करून बसलेले. मी नजर फिरवली.

पुढच्या खेपेला मी एक मच्छरदाणी घेऊन गेलो. तिला वाटलं, भाऊ म्हणून आणली. यंदा भाऊबीज दिवाळीच्या आधीच आली म्हणाली, हसली. रात्री ती मच्छरदाणीत झोपायची, हे खरं. पण दिवेलागणीला ती बाहेर चुलीपाशी असायची, आणि चूल पिंपापासून चार हातांवर होती. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तिच्या हातचा चहा मी तिथेच बसून प्यायलोय.

इकडे प्रयोगशाळेत माझं कौतुक चाललं होतं. पिंपातल्या अळ्यांत ते जे काही होतं ते पुन्हा दिसायला लागलं होतं, सगळ्यांत नाही, पण दर खेपेला थोड्यांत. मॅडमने एकदा पेढे आणले. तिथली पोरं त्या नमुन्यांना 'काकांचं पिंप' म्हणायची. बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे सगळं नाही, पेढ्यांपुरतं. तिला त्या बाईचं फार वाटायचं. माहेर लांब, सासू नाही, सातव्यात ओटी तरी कोण भरणार तिची? म्हणून हिनेच हिरवा खण, नारळ, गहू, हळदकुंकू असं एका पिशवीत बांधून ठेवलं. दिवाळीच्या आधी एका गुरुवारी आपण दोघं जाऊ म्हणाली.

नवरात्र बसायच्या सुमाराला मागच्या रांगेतला एक मजूर गावाहून परत आला आणि थंडी वाजून पडला. तिच्या नवऱ्याने मला ते सांगितलं. त्या दिवशी माझ्याकडे काचपट्टी नव्हती, आता तो धंदा राहिला नव्हता. पण डोकं तर होतं? मलेरियाचा डास रिकाम्या हाताने येत नाही, आधी तापलेल्या माणसाला चावावा लागतो, हे मी झोपेतही सांगेन. मी म्हणालो, त्याला दवाखान्यात ने, आणि अळ्यांची बाटली उचलून निघालो. तेव्हाच पिंप लाथेने पाडायला हवं होतं. मॅडमला आणखी दोन आठवडे नमुने लागणार होते.

मग एका दुपारी नवऱ्याचा फोन. "भाऊ, हिला लई थंडी वाजूलाली." मी रिक्षा करून गेलो. दोन गोधड्या अंगावर घेऊन दात वाजत होते तिचे, आणि बाहेर ऊन रखरखत होतं. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, मलेरियाच निघाला. डॉक्टरांनी लगेच औषध चालू केलं, भरती केलं, त्यांनी काही म्हणजे काही कमी केलं नाही. ताप दोनदा उतरला, दोनदा चढला. चौथ्या दिवशी पहाटे पोटात दुखायला लागलं आणि सातव्या महिन्यातच मोकळी झाली. मुलगी होती. रडली नाही. नवऱ्याने मला येऊन सांगितलं तेव्हा तो माझ्या खांद्याला धरून उभा होता, आणि मला वाटत होतं, हा माणूस कुणाला धरतोय त्याला कळलं तर?

मी तिथून थेट प्रयोगशाळेत गेलो. मॅडमला सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली. बराच वेळ वहीची पानं उलटत होती.

"इथे तर दर आठवड्याला खूण आहे, काका."

"खोटी आहे," मी म्हणालो.

मी मूर्खासारखं पुढे बोललो, की त्याच पिंपातला डास चावला असेल असं कुठे आहे, साइटवर पाणी काय कमी आहे का, लिफ्टच्या खड्ड्यात आहे, वरच्या स्लॅबवर आहे. तिने मान हलवली. "ते कधीच कळणार नाही. त्यामुळे आपल्याला बरं वाटेल, एवढंच." मग तिने पिंपाची सगळी नोंद बाजूला काढली. हे आता धरता येणार नाही, तुम्ही उद्यापासून येऊ नका, म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडत होती, आणि रडता रडता त्या डब्यांवरची चिकटपट्टी काढत होती, जिच्यावर 'काकांचं पिंप' लिहिलेलं होतं.

बायकोला मी ती गोष्ट रात्री सांगितली. तिने ओटीची पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आणि दिवाळीत माझ्याशी कामापुरतं बोलली.

दिवाळी झाल्यावर, गुरुवार बघून, मी चऱ्होलीला गेलो. मला ते पिंप ओतून द्यायचं होतं. तिला काय सांगायचं हे ठरवलं नव्हतं. ठरवून सांगण्यासारखं काही होतं का?

ती खोलीच्या दारात विटेवर बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेला. नवरा गेटवर होता. तीन पिंपं घासून उन्हात पालथी घातलेली. आणि निळं पिंप जागच्या जागी उभं, काठोकाठ भरलेलं, जाळी नीट बांधलेली. मला बघून ती उठायला लागली. मी म्हणालो, बस बाई.

"भाऊ, तुमचं पिंप हाय तसंच हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात होते तवा बी ह्यांना सांगून ठिवलं होतं, कुनाला हात लावू देऊ नका."

मी सरळ पिंपाकडे गेलो, ट्यूब सोडली, जाळी काढली. आत अळ्याच अळ्या, पाण्याला लागून आडव्या. मी दोन्ही हातांनी पिंप कलतं केलं.

"काय करूलालाव भाऊ!" ती ओरडत धावत आली. बाळंतीण बाई, नीट चालता येत नव्हतं, तरी धावली. पिंपाचा काठ धरला तिने. "नका ओतू! इतके दिवस सांभाळले की मी!" पण पाणी निम्मं गेलं होतं, तिच्या पायांवरून वाहत होतं. आणि ती रडायला लागली. नवरा मला म्हणाला होता, दवाखान्यात एक टिपूस काढलं नाही हिने, मला भीती वाटते. ती आता रडत होती, त्या पिंपाला धरून, हंबरडा फोडून. "लेकरं वाचणार म्हणलाव की तुमी! माझं न्हाई तर न्हाई, दुसऱ्याची तरी!"

"बाई, खोटं बोललो मी तुझ्याशी," मी म्हणालो. मलाही रडू फुटलं होतं. "ते डास चांगले नव्हते. एखादा असेल. यातलेच चावले असतील तुला."

ती हुंदके देत देत थांबली. पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता हातात येईल ते फेकून मारेल. मारावं, असंच वाटत होतं.

"मला काय कळत नव्हतं व्हय?" ती म्हणाली. "सात दिवसाचं तुमीच शिकविलाव. रोज उडताना दिसायले की मला. पन तुमी म्हणलाव म्हणून ठिवलं. तुमी कशाला वाईट सांगताल?"



तिने उरलेलं पाणी ओतलं. पिंप आडवं पाडलं, खाली बसली, आणि नारळाची शेंडी घेऊन अर्धी आत शिरून घासायला लागली. काठ, मग बाजू, मग तळ, मी शिकवलं होतं तसंच. मी पुढे झालो, म्हटलं, दे इकडे, तुझी तब्येत बरी नाही, मी घासतो.

आतूनच म्हणाली, "राहू द्या भाऊ. तुमचं काम झालं."